सर्व्हे नंबर 22 ते 34, आकाशातून

नालासोपारा स्टेशनवरून पूर्वेला उतरून आचोळे रोडला लागलं, की दोन्ही बाजूंना इमारतींची दाटी सुरू होते. खाली दुकानं, वर चार-चार मजले, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, जाळ्यांत वाळत घातलेले कपडे. आचोळे तलावाच्या काठाशी येईपर्यंत आभाळाचा सलग तुकडा नजरेला पडत नाही. याच आभाळातून दर काही दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, 786 किलोमीटर उंचीवरून युरोपचा सेंटिनेल-2 हा उपग्रह जातो. वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या मुखापर्यंतचा प्रदेश ओलांडायला त्याला जेमतेम चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपला अख्खा तालुका तो टिपून घेतो: अर्नाळ्याचा किनारा, पश्चिमेच्या वाड्या, मिठागरं, रेल्वेचे रूळ, आचोळे, गोखिवरे आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर.

या उपग्रहातल्या उपकरणाला आपण सवयीने कॅमेरा म्हणतो, पण तो क्षणभर उघडून मिटणारा कॅमेरा नाही. त्यात प्रकाश मोजणाऱ्या संवेदकांच्या रांगा बसवलेल्या आहेत. उपग्रह पुढे सरकतो तशी जमिनीची एकेक आडवी पट्टी त्या रांगांखालून जाते आणि पट्टीला पट्टी जोडून 290 किलोमीटर रुंदीचं चित्र तयार होतं. प्रत्येक ठिकाणचा प्रकाश तेरा वेगवेगळ्या तरंगलांबींत मोजला जातो. त्यातला मोठा भाग आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

या चित्राचा सर्वांत लहान ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतो. म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या बोलीत 1,076 चौरस फूट. नालासोपाऱ्यात एवढ्या जागेत दोन वन बीएचके बसतात. असा एकच ठिपका घेऊन तो वर्षानुवर्षं पाहत गेलं, तर त्या जागेचं चरित्र समजतं. पावसाळ्यानंतर त्यावर गवत असेल, तर तांबड्या प्रकाशाचा आकडा खाली असतो, कारण हिरवं पान तांबडा प्रकाश स्वतःसाठी शोषून घेतं. त्याच वेळी अवरक्त प्रकाशाचा आकडा एकदम वर जातो, कारण पानाच्या आतल्या पेशी तो उलट परतवून लावतात. उन्हाळ्यात गवत वाळतं आणि दोन्ही आकडे जवळ येतात. पुन्हा पाऊस, पुन्हा तोच चढ-उतार. एका वर्षी मात्र हा चढ-उतार थांबतो. तिथे मुरूम किंवा डबर पडलेलं असतं. पुढच्या काही महिन्यांत आकडे काँक्रीटचे होतात आणि मग ऋतू कोणताही असो, फारसे हलत नाहीत. गवताच्या जागी स्लॅब आला हे कळायला कुणाला तक्रार करावी लागत नाही, पंचनामा करावा लागत नाही.

हे सगळं आचोळ्याच्या निमित्ताने सांगण्याला कारण आहे. इथल्या सर्व्हे नंबर 22 ते 34 मधली जमीन शहराच्या विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. तिच्यावर 41 इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पाडकाम सुरू झालं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये शेवटची इमारत जमीनदोस्त झाली. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. शाळेच्या वार्षिक परीक्षा तोंडावर असताना मुलांची दप्तरं, गॅसच्या शेगड्या, कपाटं टेम्पोत भरली गेली. ज्यांनी पागडी दिली नव्हती, भाड्याने घेतलं नव्हतं, आयुष्यभराची पुंजी घालून विकत घेतलं होतं, त्यांची ही घरं. पुढे सक्तवसुली संचालनालय या प्रकरणात उतरलं. त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे 60 एकर जागेवरची ही बांधकामं 2009 पासून होत गेली आणि खोट्या कागदपत्रांच्या आधारे लोकांना घरं विकली गेली.

2009 हे साल नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका त्याच वर्षी जुलैमध्ये स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात इस्रोने आपल्या उपग्रहांची चित्रं सर्वसामान्यांसाठी खुली करणारं 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू केलं. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची जुनी-नवी सगळी चित्रं आदल्याच वर्षी, 2008 मध्ये, जगाला फुकट उपलब्ध झाली होती. 1984 साली सोडलेला लँडसॅट-5 तेव्हाही काम करत होता आणि दर 16 दिवसांनी आपल्या डोक्यावरून जात होता. त्याचा ठिपका 30 मीटरचा. 60 एकर जागेवर असे सुमारे 270 ठिपके बसतात. सेंटिनेल-2 आल्यापासून, म्हणजे 2015 पासून, त्याच जागेवर सुमारे 2,400 ठिपके बसू लागले आणि 2017 मध्ये त्याचा जोडीदार उपग्रह आल्यावर दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळू लागलं. भारताच्या कार्टोसॅट-1 ने तर 2005 पासून दोन कॅमेऱ्यांनी, एक पुढे झुकलेला आणि एक मागे, अडीच मीटरच्या बारकाईने जमीन पाहायला सुरुवात केली होती. दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून उंची काढता येते. बैठी चाळ आणि चार मजली इमारत यांतला फरक अवकाशातून कळण्याची सोय त्या बांधकामांच्या आधीपासून आपल्याच देशाच्या हाती होती.

म्हणजे पहिला खड्डा खणला गेला तेव्हापासून शेवटची भिंत पडेपर्यंत या 41 इमारती आकाशातल्या नोंदीत आहेत. त्या नोंदीवर आराखड्यातलं आरक्षण ठेवून पाहणं हे काम तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. भूगोल शिकलेला, संगणकावर नकाशे हाताळणारा तरुण ते एका दिवसात करील. ते वेळेवर झालं असतं, तर दहा-बारा इमारतींनंतर तरी कुणाला तरी जाब विचारता आला असता आणि पुढच्या कितीतरी कुटुंबांचे पैसे वाचले असते. मला यात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. यंत्रं होती, चित्रं होती, ती फुकट होती.

या यंत्रांचा आपल्याकडचा इतिहास दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पी. आर. पिशारोटी हे मूळचे केरळचे हवामानशास्त्रज्ञ. कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी काम केलं आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. विक्रम साराभाईंच्या काळात, 1970 मध्ये, त्यांनी केरळातल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेलं आणि अवरक्त फिल्मवर छायाचित्रं घेतली. माडाला लागणारा मुळांचा मर रोग वरून ओळखता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. ओळखता आला. रोगट झाड डोळ्याला हिरवंच वाटतं, पण त्याच्या पानांतून परतणारा अवरक्त प्रकाश घटलेला असतो. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे हात न लावता लांबून मोजण्याच्या या विद्येची, सुरुवात या प्रयोगापासून मानतात. माडांच्या सावलीत वाढलेल्या वसईकराला या प्रयोगाचं मोल वेगळं सांगायला नको.

त्यानंतर 7 जून 1979 रोजी भारताचा भास्कर-1 हा उपग्रह सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. त्याच्यावर दोन टेलिव्हिजन कॅमेरे होते आणि समुद्रावरची बाष्पस्थिती मोजणारं 'समीर' नावाचं सूक्ष्मतरंग उपकरण. 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झालं आणि मुंबईत पवईच्या आयआयटीत तर या विषयाचं केंद्र 1976 पासून चालू होतं. राज्याकडे माणसं आणि विद्या या दोन्ही गोष्टी चार दशकांपासून आहेत.

अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग देऊन वसईचं चित्र बनवलं, तर ते पाहत बसावंसं वाटतं. पश्चिमेला आगाशी, गास, वाघोली, निर्मळच्या वाड्या गडद तांबड्या दिसतात. केळी, माड, फुलझाडं, पानवेली यांचा तो रंग. खाडी काळी. मिठागरं आखून घेतल्यासारख्या चौकोनांची. रुळांच्या पूर्वेला नालासोपारा करडा-निळसर, मध्ये तांबड्याचा टिपूस नाही, आणि त्याच्यामागे पुन्हा तुंगारेश्वरचं तांबडं रान. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकतं, त्यामुळे आचोळ्याचा तलाव काळ्या डागासारखा उठून दिसतो. पश्चिमपट्ट्यातली बावखलंही अशीच दिसतात, निदान जी दहा-वीस मीटरांहून मोठी आहेत ती. गोड्या पाण्याची ही तळी विहिरींना झरे पुरवतात, हे वसईत लहान मुलालाही ठाऊक असतं. एखादं बावखल बुजवलं, की चित्रातला काळा ठिपका नाहीसा होतो. दहा वर्षांपूर्वीचं आणि आजचं चित्र शेजारी शेजारी ठेवून असे नाहीसे झालेले ठिपके मोजण्याचं काम गावोगावच्या मंडळांनी आणि शाळांनी हाती घेण्याजोगं आहे. वसईची हिरवाई वाचवण्याच्या 'हरित वसई' लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो माणसं रस्त्यावर उतरवली तेव्हा त्यांच्या हाती असं साधन नव्हतं. आज ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

आता या उपकरणांची मोठी अडचण. जून ते सप्टेंबर आपल्यावर ढग असतात आणि प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाला ढगाखालचं काही दिसत नाही. वसईला ज्या महिन्यांत डोळ्यांची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच हा डोळा बंद. 2018 चा जुलै इथल्या लोकांच्या आठवणीत पक्का आहे. 9 तारखेपासून पावसाने झोडपलं, नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या प्रवाशांना आपत्ती दलाच्या जवानांनी बाहेर काढलं. वसईत मिठागरात राहणारी कुटुंबं पाण्याने वेढली गेली. दिवसचे दिवस वीज नव्हती.

ढगांवर उपाय आहे रडारचा. रडार सूर्याच्या प्रकाशावर अवलंबून राहत नाही, स्वतःच लहरी सोडतं आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी मोजतं. युरोपच्याच सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, ढगाच्या थेंबांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून ती ढगातून आरपार जाते. रात्र असो वा पाऊस, चित्र मिळतं. भारताचा रिसॅट-1 2012 मध्ये याच कामासाठी गेला होता आणि 2022 पासून ईओएस-04 ते करतो आहे. रडारच्या चित्रात शांत पाणी काळं दिसतं, कारण तिरप्या आलेल्या लहरी सपाट पृष्ठभागावरून पुढे निघून जातात, परत येत नाहीत. आवणीच्या वेळी पाण्याने भरलेली भातखाचरं अशीच काळी दिसतात आणि रोप वाढेल तशी उजळत जातात. वसई, पालघर, वाड्याच्या भाताचं क्षेत्र भर पावसात असं मोजता येतं.

पण आचोळे रोडसारख्या वस्तीत पूर आला, की रडार फसतं. इथली लहर आधी रस्त्यावर आपटते, मग इमारतीच्या भिंतीवर आणि दोनदा उलटून सरळ उपग्रहाकडे परत येते. त्यामुळे इमारती नेहमीच झगझगीत दिसतात. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं, तर पाणी डांबरापेक्षा गुळगुळीत असल्यामुळे हा परतावा कधी कधी वाढतो, आणि बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी आणखी उजळ दिसते. शिवाय सेंटिनेल-1 एका ठरलेल्या मार्गावर बारा दिवसांनी परततो. आपला पूर दोन-तीन दिवसांत ओसरतो. पाणी चढलं तेव्हा उपग्रह डोक्यावर असेलच याची हमी नाही. शेतातला पूर उपग्रहावर सोपवता येतो, पण गल्लीतला पूर मोजायला आजही भिंतीवर पट्टी आखणारा माणूस लागतो. आचोळ्यात कोणत्या इमारतीत कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं हे तिथल्या रहिवाशांना तोंडपाठ असतं. ही माहिती कुणी विचारून, लिहून ठेवली, तर उपग्रहाच्या चित्राला तिचा मोठा आधार होईल.

2018 च्या पुरानंतर महापालिकेने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली आणि पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या धारण तलावांची शिफारस पुढे आली. पाणी कुठून येतं, कुठे मुरायचं, कोणत्या खाजणातून खाडीला जायचं आणि आता कुठे अडतं, हा सगळा हिशेब जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेशिवाय मांडता येत नाही. मोकळी जागा, मिठागर, शेत यांवर भराव झाला, की तिथलं पाणी शेजारच्या तळमजल्यात शिरतं. आचोळ्याच्या राखीव जमिनीकडेही असंच पाहायला हवं. सांडपाण्याचं केंद्र त्या जागी झालं नाही. शहराचा कचरा गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याकडे जात राहिला. कचऱ्याच्या डोंगरांतून निघणारा मिथेनही आता अवकाशातून मोजला जातो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ब्युनोस आयर्स, दिल्ली आणि लाहोरसोबत मुंबईच्या कचराभूमीचा समावेश होता. राखीव जागा गेली म्हणजे केवळ नकाशावरचा एक रंग गेला असं होत नाही.

आकाशातली नोंद कामाला लावण्याचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई परिसरातल्या कांदळवनांच्या कत्तलीविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने याचिका केली, तेव्हा ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने तोड आणि भराव थांबवायला सांगितलं आणि उपग्रहाच्या चित्रांवरून राज्यातल्या कांदळवनांचे नकाशे करण्याचं काम नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राकडे सोपवलं. इथे कांदळवन नव्हतंच, असं म्हणण्याची सोय तेव्हापासून उरली नाही. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने तर कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला. न्यायालयाने विचारलं, केंद्राने मोजलं, नकाशा दप्तरात गेला. जे कांदळवनाच्या बाबतीत झालं ते आरक्षित जमिनींच्या बाबतीत करायला कोणतं नवं यंत्र लागत नाही.

बारकाईसाठी विमान आणि ड्रोनही आहेत. 2016 आणि 2018 मध्ये इस्रोच्या विमानातून अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचं एव्हिरिस-एनजी हे उपकरण देशभर फिरलं. ते प्रकाशाचे चारशेहून अधिक पदर वेगळे करून मोजतं, त्यामुळे खनिजं, पिकं, पाण्यातला गाळ यांची ओळख पटते. गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन वापरण्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला आणि पुढे 2020 मध्ये केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली. सोनोरीच्या घराघराला हद्द मिळू शकते, तर शहराच्या राखीव भूखंडांना का मिळू नये?

30 जुलै 2025 रोजी श्रीहरीकोट्याहून निसार गेला. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह दोन लहरींचं रडार घेऊन फिरतो. एक 24 सेंटिमीटरची, नासाने दिलेली, दुसरी साधारण साडेनऊ सेंटिमीटरची, अहमदाबादच्या इस्रो केंद्राने बनवलेली. बारा मीटर व्यासाचा, जाळीचा अँटेना अवकाशात गेल्यावर उलगडला. लांब लहर झाडाच्या पानांतून खाली उतरते, म्हणून कांदळवनाखाली भरतीचं पाणी आहे की भराव, हे ओळखायला ती उपयोगी. बारा दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन फेऱ्यांतल्या लहरींचा ताळमेळ घातला, तर जमीन काही सेंटिमीटरने खचली किंवा उचलली तरी कळतं. दलदलीवर माती टाकून उभारलेल्या वस्त्यांसाठी आणि नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के सोसणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीसाठी ही माहिती जिवाशी निगडित आहे.

अर्थात ही उपकरणं कायदा वाचत नाहीत. इमारत अधिकृत की अनधिकृत, तिला बांधकाम परवानगी आहे की नाही, हे कोणत्याही तरंगलांबीत उमटत नाही. जमिनीवर काय आहे एवढंच चित्र सांगतं. काय असायला हवं होतं ते विकास आराखड्यात असतं. हे दोन कागद एकमेकांवर ठेवण्याचं काम महापालिकेचं आहे आणि ते दरवर्षी, प्रभागनिहाय, जाहीर झालं पाहिजे. दर दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं. तेव्हाचं चित्र घ्यावं, त्यावर प्रत्येक आरक्षणाची हद्द काढावी आणि प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावं. एका छापील नकाशाचा खर्च तो किती?

तोवर वाचकांना एक विनंती. वसई-विरारमध्ये, किंवा कुठेही, घर घ्यायचं ठरवलंत, तर टोकन देण्यापूर्वी सर्व्हे नंबर मागून घ्या. नगररचना विभागातून त्या नंबरवर कोणतं आरक्षण आहे ते लेखी मिळवा. मग गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी चित्रं एकेक वर्ष मागे जाऊन पाहा, आणि जमल्यास भुवन आणि सेंटिनेलचीही. तिथे आधी तलाव होता, खाजण होतं, शेत होतं की मोकळं मैदान, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम सांगा, तो तासाभरात करून दाखवील. विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदांशी ते जुळत नसेल, तर पैसे देऊ नका.